अकरा प्रयोगांचं वर्ष

पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात मी ज्या वर्षी जायला हवं होतं, त्याच्या पुढच्या वर्षी गेलो. लोकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. "एका वर्षानं काय बिघडतं?" असं आजवर इतक्या जणांनी विचारलंय, की आता मी उत्तर देत नाही, विचारणाऱ्याकडे नुसता बघतो. वर्ष माझं होतं. ते कसं गेलं हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसलोय. लिहिता लिहिता माझीही चूक सापडेल याची धास्ती आहे, पण तेवढं सोसायची तयारी ठेवली आहे.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. बेळगावच्या आमच्या कॉलेजात तेव्हा सायन्स इंटरपर्यंतच होतं. फर्स्ट इयर आणि इंटर अशी दोन वर्षं इथं काढायची, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी पुरं करायचं, आणि मग पुढच्या शिक्षणाला पुणं नाहीतर मुंबई गाठायची. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या आमच्यासारख्या पोरांना ही सोय मोठी होती. दोन वर्षं तरी भाकरी घरची खाता यायची. निपाणीहून सकाळी सुटणाऱ्या मोटारीत आई डबा ठेवायची. पेट्रोल मिळेनासं झाल्यावर मोटारी कोळशावर चालायला लागल्या होत्या. चढावर त्या दमायच्या, उतारूंना खाली उतरून ढकलायला लागायचं, आणि डबा माझ्या हातात पडेपर्यंत भाकरीला धुराचा वास लागलेला असायचा.

नुसती परीक्षा पास होऊन मात्र भागत नसे. आधी टर्म ग्रँट व्हावी लागे. म्हणजे हजेरी पुरी, प्रॅक्टिकल पुरी, आणि प्रॅक्टिकलच्या वहीत, जिला आम्ही जर्नल म्हणायचो, प्रत्येक प्रयोगापुढं मास्तरांची सही. एवढं असलं तरच युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता यायचं. माझं सगळं त्या वहीत अडकलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत तोलार होते. वजन करणं हे त्यांचं काम. मी शाळेत असल्यापासूनच वखारीत जाऊन बसायचो आणि सौदे बघायचो. आमच्याकडे तंबाखूचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर पंचा टाकायचे, आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा. वरून दोघं पाऊसपाण्याच्या, लेकीच्या लग्नाच्या गप्पा मारत असायचे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मला कळायला लागलं, कारण मी माणसांच्या हातांकडे न बघता खांद्यांकडे बघायचो. मॅट्रिकला जाईपर्यंत आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आपला माल माझ्या हातानं विकायला लागले होते. माझी फी मी तिथंच कमावली. कुणाच्या दारात उभा राहिलो नाही.

त्या पंच्याखालचे दोन नियम इथं सांगायला हवेत, नाहीतर पुढचं समजणार नाही. पहिला असा, की पहिला आकडा कधी खरा नसतो. देणाऱ्यानं पहिला आकडा सांगितला आणि घेणारा लगेच हो म्हणाला, तर देणारा घाबरतो; आपण माल फार स्वस्तात टाकला असं त्याला वाटतं. आणि घेणाऱ्यानं सांगितलेल्या पहिल्या भावाला देणारा हो म्हणाला, तर घेणारा तंबाखूच्या पोत्यात हात खुपसून खालची पानं वर काढून बघतो. नक्की माल भिजका असणार. घासाघीस केली की माल चांगला आहे हे दोघांना पटतं. दुसरा नियम असा, की हातावर हात पडला की शब्द झाला. त्यानंतर कुणी लिहून मागितलं, तर समोरचा पंचा झटकून उठून जातो. तो अपमान समजतात. माझ्या समजुतीची जात ही अशी होती, आणि ती घेऊन मी कॉलेजात गेलो होतो.

राहायला मी शहापुरात होतो, एका विणकराच्या घरात. पुढच्या खोलीत दोन हातमाग, मागं स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधल्या बोळात माझी ट्रंक आणि अंथरूण. विणकराच्या बायकोला मी आक्का म्हणायचो. ती दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची आणि तिथूनच घरादारावर, गल्लीवर आणि माझ्यावर लक्ष ठेवायची. मागाच्या खटखटीत अभ्यास होत नाही अशी मी तक्रार केली तेव्हा ती म्हणाली होती, "माझी तीन पोरं ह्या आवाजात जन्मली आनि ह्याच आवाजात बोलायला शिकली. तुला नुसतं वाचायचं हाय न्हवं?"

इंटरच्या वर्षी, श्रावण निम्मा झाला असेल, निपाणीहून निरोप आला की आप्पांच्या पायावर बोद पडलं. बोद म्हणजे तंबाखू दाबून भरलेलं मोठं पोतं; ते तीन माणसांना उचलत नाही. मी गेलो तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले, पाय ओल्या फडक्यात गुंडाळलेला. तोलाराची जागा रिकामी राहिली तर मालक दुसरा माणूस बसवणार आणि मग उठवणार नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

"सर, पण कॉलेज," असं मी पुटपुटलो. घरीसुद्धा तोंडात सर बसलं होतं.

"कोन सर? मी तुझा बा हाय," आप्पा म्हणाले. "महिनाभर बस काट्यावर. कॉलेज काय पळून जात न्हाई, काटा पळतोय."

महिना म्हणता म्हणता दीड महिना झाला. मी बेळगावला परतलो तेव्हा फिजिक्सची प्रॅक्टिकलं मला भरून देता आली, कारण ते मास्तर भले होते. केमिस्ट्रीची अकरा गेली होती.

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत आमच्यावर एक डेमॉन्स्ट्रेटर असायचे. धारवाडकडचे, घरात कानडी, आमच्याशी मराठी. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी हजेरीचा कागद बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अकरा आहेत की रे तुझे! एवढ्या दिवसांत तर बाळंतीण पण उठून कामाला लागते."

"सर, वडिलांचा पाय मोडला होता."

"त्यांचा पाय आणि तुझी टर्म, दोन्ही मोडलं म्हण की." मग माझं तोंड बघून ते जरा नरमले. "दिवाळीला घरी जाणारेस?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी जात नाही. भाड्याला पैसे घालून घरी बोलणी खायला कोण जातो? सुट्टीत ये. रोज दोन कर. सहा दिवसांत उरकून टाकू."

दिवाळीच्या सुट्टीतले ते सहा दिवस मी अजून विसरलेलो नाही. सगळं कॉलेज रिकामं. प्रयोगशाळेचा शिपाईही गावी गेलेला, किल्ली सरांजवळ. खिडक्या उघडून आत शिरलं की पहिल्यांदा सडक्या अंड्यासारखा वास यायचा, मग तो नाकाला कळेनासा व्हायचा. मी ब्युरेट धुऊन भरायचो, थेंब थेंब सोडायचो, रंग पालटला की तोटी बंद करायचो. सर खिडकीत बसून कानडी वर्तमानपत्र वाचायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "एक थेंब जास्त झाला." ते कसं ओळखायचे कोण जाणे. मी पुन्हा करायचो. मीठ ओळखायच्या प्रयोगात एकदा दोनदा चुकलो तर त्यांनी तीच पुडी तिसऱ्यांदा दिली. मला ते काम आवडायला लागलं होतं. वखारीत मी माणूस काय लपवतो ते ओळखायचो. इथं एक चिमूटभर पांढरी भुकटी काय लपवते ते ओळखायचं, आणि ती भुकटी खोटं बोलत नव्हती.

तेव्हा कागदाची टंचाई होती. नवं जर्नल बाजारात मिळत नव्हतं. माझं जुनं भरत आलं होतं, म्हणून रीडिंगं मी वखारीतल्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहून ठेवत होतो. अकरावा प्रयोग झाला त्या दुपारी सर म्हणाले, "वही मिळाली की हे सगळं सुवाच्य उतरवून आण. एकदम सह्या करतो. काळजी करू नको." आणि त्यांनी हात पुढं केला. मी हातात हात दिला.

त्या पावत्यांवर मी त्यांची सही घ्यायला हवी होती. पेन माझ्या खिशात होतं. पण हात दिल्यावर सही मागणं माझ्या रक्तात नव्हतं. ती मागितली असती तर मला वाटलं असतं, मी या माणसाच्या तोंडावर त्याला चोर म्हणतोय.

कॉलेज उघडलं त्या दिवशी सर नव्हते. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात केमिस्ट लोकांना बोलावत होते, पगार तिप्पट होता, ते सुट्टीच्या शेवटच्या दिवशीच गेले होते. मला राग आला नाही. मीही गेलो असतो. शब्द तर दिलेला आहे, आता तो कॉलेजनं पाळायचा, असं माझं सरळ गणित होतं. वही मिळाल्यावर मी अकराही प्रयोग सुंदर अक्षरात उतरवले, डाव्या पानावर पेन्सिलीनं आकृत्या काढल्या, आणि वर्ष संपत आल्यावर बाकीच्यांबरोबर वही टेबलावर ठेवली.

केमिस्ट्रीचे मुख्य प्रोफेसर पुण्याचे होते. बंद गळ्याचा कोट, स्वच्छ बोलणं, विद्यार्थ्याला अहोजाहो. त्यांनी मला हाक मारली तेव्हा प्रयोगशाळेत आणखी पाच-सहा जण होते.

"तुमच्या वहीत अकरा प्रयोगांवर सही नाही."

"सर, ते मी दिवाळीच्या सुट्टीत केले. डेमॉन्स्ट्रेटर सरांसमोर."

"सुट्टीत प्रयोगशाळा उघडल्याची नोंद नाही."

"किल्ली त्यांच्याजवळच होती. त्यांनी मला शब्द दिला होता."

"शब्द वहीत कुठल्या रकान्यात लिहितात?"

मागचे हसले. माझे कान तापले. प्रोफेसर हसले नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. टर्म ग्रँटची यादी जायला पंधरा दिवस आहेत. रोज दुपारी या आणि हे अकरा प्रयोग माझ्यासमोर पुन्हा करा. मी सह्या करतो."

आता मी जे केलं ते सांगतो. मला खरंच हायसं वाटलं होतं. माणूस बोलणीला बसला, असं वाटलं. अकरा हा त्यांचा पहिला आकडा होता, आणि पहिल्या आकड्याला हो म्हणणं म्हणजे माझा माल भिजका आहे असं स्वतःच सांगणं. मी म्हणालो, "सर, तीन."

"काय तीन?"

"तीन करून दाखवतो. तुम्ही सांगाल ते कुठलेही तीन."

"मी अकरा म्हणालो."

"बरं, चार. सर, मी एकदा केलेत. परीक्षा तोंडावर आहे, गणित राहिलंय. अकरा म्हणजे फार होतात." ते गप्प होते. गप्प बसणारा घेणारा आणखी थोडं मागत असतो, एवढं मला माहीत होतं. "सहा. बघा सर, सहाच्या पुढं मला जमणार नाही."

त्यांनी पेनला टोपण लावलं. वखारीत घेणारा पंचा झटकतो तसाच काहीसा तो आवाज होता, पण तेव्हा मला तो ऐकू आला नाही.

"तुम्ही अकरा प्रयोग केले आहेत ना?"

"होय सर."

"मग सहावर कसे आलात? ज्यानं अकरा केले आहेत त्याला अकरा करायची भीती कसली? सहाच केलेत म्हणू, की चार? आधी तर तीन म्हणालात."

मी वाढवत नेलेला एक एक आकडा त्यांनी माझ्या कबुलीजबाबासारखा माझ्यापुढं मांडला होता. मग माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरतं ते एकदम फिरतं. त्यापायी मी पुढं आयुष्यात बरंच गमावलं, पण पहिलं गमावलं ते तिथं. "तुम्ही मला खोटारडा म्हणता?" असं ओरडून मी टेबलावर हात मारला. कडेला परीक्षानळ्यांची घोडी होती, ती फरशीवर गेली. सगळ्या नळ्या फुटल्या.

"आपण जा," प्रोफेसर म्हणाले. एवढंच. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी आलो तर आक्कानं चरखा थांबवला. "काय रं, भांडून आलास व्हय?"

"न्हाई."

"मग कानशिलं का लाल झाल्यात?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत पुन्हा कांडी भरायला लागली. शेवटी म्हणाली, "त्यो मास्तर हाय. देवळात तीर्थ घेताना पुजाऱ्यासंगं घासाघीस करतोस व्हय? उद्या जा, पाया पड, अकराच्या अकरा करतो म्हन."

मोडलेला सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी जुळतो, हे मलाही माहीत होतं. आमच्याकडे निम्मे सौदे असेच जुळायचे. रात्रभरात दोघांनाही पश्चात्ताप होतो. पाया पडायला मी तयार नव्हतो, पण अकरा करायला तयार झालो होतो. सकाळी कॉलेजात गेलो. प्रोफेसरांनी यादी पंधरा दिवस आधीच, आदल्या संध्याकाळीच, प्रिन्सिपॉलांकडे दिली होती. "मी अकरा करतो," असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "काल म्हणायला हवं होतं." प्रिन्सिपॉल म्हणाले, "प्रोफेसरांच्या यादीत मी हात घालत नाही." टर्म ग्रँट झाली नाही.

डेमॉन्स्ट्रेटर सरांना मी त्याच दिवशी पत्र टाकलं. खडकीचा पत्ता मला नेमका ठाऊक नव्हता, म्हणून धारवाडच्या घरी टाकलं. परीक्षा आली, माझ्या वर्गातली पोरं टोप्या नीट करत परीक्षेला गेली. मी त्या आठवड्यात निपाणीला गेलो नाही, घरी काय सांगणार? खासबागेपर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. ज्या गणिताच्या नावानं मी सहावर अडलो होतो, त्याचं पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घातलं. पुण्याला जाणाऱ्या तिघांनी मला निरोप द्यायला बोलावलं, मी गेलो नाही. त्यातल्या एकाला आठवड्याआधीपर्यंत लॉगॅरिदमचं कोष्टक मी समजावून सांगत होतो. यातलं काही विसरलोय असं मी कधी कुणाला भासवलं नाही, आताही भासवत नाही.

मे महिन्यात पोस्टकार्ड आलं. पत्र धारवाडहून खडकीला, तिथून आणखी कुठल्या कारखान्यात असं फिरत त्यांना सापडलं होतं. इंग्रजीत चार ओळी होत्या. ह्या विद्यार्थ्यानं अकराही प्रयोग माझ्या देखरेखीखाली केले, काही दोनदा-तीनदा केले, सह्या करायच्या राहिल्या हा दोष माझा आहे. खाली तारीख, सही, हुद्दा. सगळं. ही चार अक्षरं दिवाळीत त्या पावतीवर पडली असती तर!

भर दुपारी मी टिळकवाडीला प्रोफेसरांच्या घरी गेलो. ते बाहेर व्हरांड्यात बसले होते, कोट नव्हता, सदऱ्यात ते लहान दिसत होते. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी दोनदा वाचलं, उलटून पोस्टाचे शिक्के बघितले, आणि आत बघून कोकमाचं सरबत आणायला सांगितलं.

"हे खरं दिसतं," ते म्हणाले.

"तेव्हाही खरंच होतं."

"हो. तेव्हाही खरं असणार." त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मी तुम्हाला दोनच्या वर प्रयोग करू देणार नव्हतो. माणूस ब्युरेट कशी धरतो त्यावरून मला समजतं. दुसऱ्या दिवशीच सगळ्या सह्या केल्या असत्या."

मला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उभा राहिलो. "दोन? मग तुम्ही अकरा का म्हणालात?"

"कारण अकरा बाकी होते."

"पण घेणार दोनच होता ना? मग दोन का नाही म्हणालात?"

"कारण बाकी अकरा होते," ते पुन्हा म्हणाले, तितक्याच शांतपणे, जणू पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नव्हतं.

मी त्यांना आमच्या वखारीतलं सांगितलं. पंचा, बोटं, पहिला आकडा, सगळं. का सांगितलं कोण जाणे. भांडायला गेलेला माणूस असं काही सांगत नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "म्हणजे लगेच हो म्हणणारा माणूस तुम्हाला लबाड वाटतो?"

"होय."

"आणि मला हो न म्हणणारा वाटला," ते म्हणाले. मग त्यांनी कार्ड मला परत दिलं. "याद्या युनिव्हर्सिटीत गेल्या. आता माझ्या हातात काही नाही. जूनमध्ये या."

मी सरबत प्यायलो. राग होता, पण ऊन फार होतं. परतताना मी मनात हिशोब करत आलो, आणि तो हिशोब मी आजपर्यंत कितीदा केला असेल. माझा पहिला आकडा तीन होता. त्यांच्या मनातला दोन. म्हणजे त्यांना हवं होतं त्याच्यापेक्षा मी एक जास्तच देत होतो, आणि तरी सौदा मोडला. इतकी वर्षं मी माणसांशी बोलणी केली, कारखान्यांशी केली, सरकारी खात्यांशी केली. समोरच्याच्या मनातल्या आकड्याच्या इतका जवळ मी पहिल्या बोलीत पुन्हा कधी गेलो नाही. मोडलं ते कुणामुळं? माझं उत्तर तेव्हा होतं, त्यांच्यामुळं. आताही बहुतेक तेच आहे. ज्याला दोन हवेत त्यानं अकरा सांगायचे, तेही आपण खरं बोलणारी जात आहोत अशा थाटात, आणि समोरच्यानं मोल केलं की त्याला खोटा ठरवायचं, हा न्याय मला पटलेला नाही. पण कधी कधी, विशेषतः माझ्या हाताखालच्या नव्या पोरांना मी एखादं काम सांगतो आणि ते लगेच "हो" म्हणतात तेव्हा, माझ्या मनात पहिल्यांदा संशय येतो. मग मला ते व्हरांड्यातले प्रोफेसर आठवतात, आणि मी पोराला जाऊ देतो.

जूनमध्ये मी पुन्हा इंटरच्या वर्गात जाऊन बसलो. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा वर्षानं लहान, आणि त्यांना माझी फुटलेल्या नळ्यांची गोष्ट आधीच ठाऊक होती. आप्पा अजून काठी टेकतच काट्यावर जात होते. "एक बरं झालं," ते म्हणाले, "औंदा मार्क तरी चांगलं पडतील." मी त्यांच्याशी चार दिवस बोललो नाही. त्या वर्षी एकाही प्रॅक्टिकलला मी गैरहजर राहिलो नाही. प्रोफेसर स्वतः माझ्या टेबलाशी यायचे, प्रयोग संपला की तिथल्या तिथं सही करायचे आणि तारीख घालायचे. सगळ्या वर्षात आमच्यात बोलणं झालं नाही. एकदाच, मी टायट्रेशन करत होतो तेव्हा, ते मागं उभे राहून म्हणाले, "एक थेंब जास्त झाला." मी पुन्हा केलं.

परीक्षेत मार्क चांगले पडले. आप्पांचं म्हणणं खरं ठरलं म्हणून मला त्या मार्कांचाही आनंद धड झाला नाही. पुण्याला निघालो तेव्हा बेळगाव स्टेशनवर आक्का आणि तिचा नवरा आले होते. आक्कानं मला एक टॉवेल दिला, त्यांच्याच मागावरचा, आणि म्हणाली, "तिकडं तरी मास्तरावर हात उगारू नको."

"टेबलावर मारला होता, आक्का."

"टेबल बी मास्तराचंच हुतं."

पुण्याला ऑफिसात प्रवेशाचा फॉर्म भरून दिला. आत मार्कशीट होती, बेळगावच्या कॉलेजचं सर्टिफिकेट होतं. कारकुनानं तारखा जुळवल्या आणि विचारलं, "इंटरला दोन वर्षं का लागली? नापास?"

"नाही."

"मग इथं कारण लिहा."

फॉर्मवर त्यासाठी एक रकाना होता, एका ओळीचा. मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागलो. वडिलांचा पाय, दिवाळीची सुट्टी, डेमॉन्स्ट्रेटरचं खडकीला निघून जाणं. खिशात ते पोस्टकार्ड होतं, तेही जोडावं असा विचार होता. अर्धं पान झालं असेल तेवढ्यात कारकुनानं फॉर्म ओढून घेतला.

"हे काय? मागं लिहिलेलं चालत नाही. साहेब फेकून देतील." त्यानं नवा फॉर्म समोर टाकला. "पुन्हा भरा. कारण एका ओळीत. तुमच्यामागं चाळीस जण उभे आहेत."

"एका ओळीत खरं मावत नाही."

"मग मावेल ते लिहा."

मी मागं बघितलं. खरोखरच रांग होती. साताऱ्याची, सोलापूरची, कोकणातली पोरं, सगळ्यांच्या हातात सर्टिफिकेटं. जागा किती आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. मी नवा फॉर्म भरला, आणि त्या रकान्यात इंग्रजीत दोन शब्द लिहिले: प्रॅक्टिकल्स इन्कम्प्लीट. कारकुनानं वाचलं, मान हलवली आणि शिक्का मारला. मला जागा मिळाली, आणि दुसऱ्या आठवड्यात वर्ग सुरू झाले.

ते दोन शब्द खोटे आहेत. माझ्याच अक्षरात आहेत, आणि त्या ऑफिसच्या कुठल्यातरी कपाटात ते अजून पडून असतील.